अँटेना चंद्रामागे कशाला न्यायचा?

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

आपल्या अंकात 'प्रत्युष' या नियोजित चांद्रमोहिमेची (विश्वातल्या पहिल्या ताऱ्यांच्या काळातली रेडिओलहर चंद्राआडून ऐकणाऱ्या यानाची) बातमी आली आणि त्याच आठवड्यात चोपडा तालुक्यातल्या एका वाचकांचे पत्र छापून आले. पत्र तिखट होते, मला आवडले. त्यांचे तीन सवाल. रेडिओच ऐकायचा तर चंद्रामागे कशाला, आपल्या तोरणमाळच्या पठारावर का नाही? पुणे जिल्ह्यात खोडदला रेडिओ दुर्बिणीच्या एवढ्या मोठ्या तबकड्या उभ्या आहेत, त्या काय कामाच्या? आणि भास्कराचार्यांनी पाटण्याला बसून विनायंत्र आकाश मोजले, मग हा खटाटोप कोणासाठी?

उत्तर देण्याचा माझा अधिकार एवढाच, की मी अमळनेरात टीव्हीचे अँटेना बसवण्यात उमेदीची वर्षे घालवली. आयटीआयचा रेडिओ-टीव्हीचा कोर्स, बाजारात छोटे दुकान, सायकलच्या कॅरियरला ॲल्युमिनियमच्या नळ्या. आता मुलगा त्याच दुकानात सीसीटीव्ही विकतो आणि मी माळ्यावर बसून बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेतल्या मंडळींचे निबंध शब्दकोश घेऊन वाचतो. 'प्रत्युष'ची कल्पना त्यांचीच, आणि प्राथमिक अभ्यासाला इस्रोचे पाठबळ आहे. हे लोक जे लिहितात त्यातले गणित मला अर्धेच कळते. पण त्यांची डोकेदुखी मात्र पुरती कळते, कारण ती आमच्या गच्चीवरचीच आहे.

भास्कराचार्यांचे आधी उरकतो. 'विनायंत्र' हे बरोबर नाही. 'सिद्धान्तशिरोमणी'च्या गोलाध्यायात यंत्राध्याय म्हणून वेगळे प्रकरणच आहे आणि त्यात त्यांचे स्वतःचे फलकयंत्र दिले आहे. सगळ्यात श्रेष्ठ यंत्र बुद्धी, असे ते तिथेच म्हणतात हे खरे, पण म्हणून बाकीची यंत्रे त्यांनी गाळलेली नाहीत. चाळीसगावजवळ पाटण्याच्या देवळात १२०७ सालचा शिलालेख आहे. आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी नातू चांगदेवाने मठ काढला, त्याची ती नोंद. त्या मठात यंत्राध्याय वगळून शिकवत असतील असे मला वाटत नाही.

आता खोडद. तीस तबकड्या, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाची, पंचवीस किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या. रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी पत्र्याऐवजी ताणलेल्या तारेची जाळी वापरून त्या हलक्या आणि स्वस्त केल्या. अँटेनावाल्याने तिथे जाऊन हात जोडावेत असे काम आहे. पण ते काम निराळे आणि हे निराळे. एखाद्या दूरच्या दीर्घिकेचा सिग्नल आकाशातल्या बारीक ठिपक्यातून येतो. तो पकडायला जितकी मोठी तबकडी तितके चांगले. इथे शोधायचा आहे तो सिग्नल आकाशाच्या कानाकोपऱ्यातून सारखाच येतो. अशा वेळी ४५ मीटरची तबकडी आणि हातभर उंचीचा धातूचा शंकू, दोघांच्याही टोकाला त्या सिग्नलचे तापमान (या विद्येत सिग्नलचा जोर तापमानात मोजतात) तेवढेच मिळते. तबकडी आकाशाचा लहान तुकडा बघते, शंकू सगळे बघतो, आणि जे सगळीकडे सारखेच आहे त्याची सरासरी तीच राहते. शिवाय खोडदच्या तबकड्या एकमेकींशी जोडून वापरतात तेव्हा त्या आकाशातले फरक टिपतात. सर्वत्र सारखे असलेले त्यांच्या हातून निसटते. म्हणजे या कामात मोठेपणाचा फायदा नाही. हे मला पहिल्यांदा कळले तेव्हा खरेच वाटेना. आमचा सगळा धंदा 'भाऊ, अजून दोन काड्या लावा' यावर चालायचा.

सिग्नल कसला, ते थोडक्यात सांगतो. हायड्रोजनच्या अणूकडून २१ सेंटीमीटरची रेडिओलहर येते, १४२० मेगाहर्ट्झची. १९५१ मध्ये हार्वर्डच्या दोघांनी, इवेन आणि पर्सेल यांनी, खिडकीबाहेर लाकूड-पत्र्याचे कर्ण्यासारखे तोंड काढून ती आपल्या आकाशगंगेतून पकडली. तीच लहर विश्वाच्या बालपणातून निघाली असेल तर वाटेत विश्व पसरत गेले तशी तीही ताणली गेली. पहिले तारे पेटले त्या सुमारची, म्हणजे महास्फोटानंतर वीस-बावीस कोटी वर्षांची लहर आज अठरा पट लांब होऊन येते: ३.८ मीटर, म्हणजे ७९ मेगाहर्ट्झच्या आसपास. त्या ताऱ्यांच्या अतिनील प्रकाशाने आजूबाजूचा थंड हायड्रोजन मागच्या पार्श्वप्रारणातून (महास्फोटाच्या उरलेल्या प्रारणातून) या लहरीचा थोडा हिस्सा शोषू लागला, पुढे वायू तापला तसे शोषणे थांबले. त्यामुळे आकाशाच्या तापमानाच्या आलेखात एक उथळ खळगा पडायला हवा. त्या खळग्याची जागा, रुंदी आणि खोली कळली की पहिले तारे केव्हा पेटले आणि कसे होते ते कळेल.

'प्रत्युष'चा पट्टा आहे ५५ ते ११० मेगाहर्ट्झ. जुन्या टीव्हीवाल्यांनी हा आकडा पुन्हा वाचावा. दूरदर्शनचे खालचे चॅनेल ४७ ते ६८ मध्ये असायचे आणि एफएम रेडिओ ८८ ते १०८ मध्ये आहे. म्हणजे विश्वाची पहिली पहाट नेमकी तिथे येऊन बसली आहे जिथे धुळ्याच्या एफएमवर अहिराणी गाणी लागतात. तोरणमाळ उंच आहे, हवा छान आहे, पण उंच जागेवर एफएम जास्त लांबून येतो, कमी नाही! डोंगराआड दरीत उतरलात तरी आकाशातून जाणारी विमाने आणि जळणाऱ्या उल्का तोच एफएम परतवून खाली पाठवतात. त्यात आता शेताशेतात पंपाचे स्टार्टर, सोलर पंपाचे इन्व्हर्टर, घरोघर स्वस्त एलईडीचे अडॅप्टर. शेजारच्या घरात मिक्सर लागला की पडद्यावर रेघा यायच्या, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना जास्त सांगायला नको.

एफएम बंद पाडला असे धरा. तरी वर आयनांबर आहे, म्हणजे वातावरणाचा विद्युतभारित भाग. मे-जूनच्या दुपारी खालच्या चॅनेलवर अचानक भलत्याच भाषेतले चित्र तरंगत यायचे आणि अर्ध्या तासात विरून जायचे, ते कोणाच्या चुकीने नव्हे. शंभर किलोमीटर उंचीवरचा आयनांबराचा थर तेवढ्यापुरता दाट होऊन दूर देशीचे स्टेशन आपल्याकडे वळवायचा. जो थर टीव्हीचे चित्र वळवतो तो आकाशातून येणारी लहरही थोडी वाकवतो, थोडी गिळतो, आणि घटकेघटकेला वेगळी. साधारण १० मेगाहर्ट्झच्या खाली तर तो दारच लावून घेतो. ताऱ्यांच्याही आधीच्या काळोख्या काळातली लहर ३० मेगाहर्ट्झ आणि त्याच्याही खाली सापडायची, त्यामुळे तिच्यासाठी जमिनीवर फारशी आशाच नाही.

आणि तिसरी अडचण पायाखाली. अँटेना जमिनीवर ठेवला की जमीन त्याचा भाग होते. आपली काळी जमीन मे महिन्यात हात जाईल एवढी भेगाळते, जुलैत चिखल होते, खाली मुरूम, त्याखाली कातळ. लहर वरच्या थरात शिरते, खालच्या थरावर आपटून परत येते आणि थेट आलेल्या लहरीत मिसळते. टीव्हीवर याला आम्ही डबल चित्र म्हणायचो. गिऱ्हाईक दुकानात येऊन सांगायचे, "मानसे दोन-दोन दिसतस, भाऊ!" मग गच्चीवर जाऊन पाण्याची टाकी किंवा शेजारचा पत्रा शोधायचा आणि अँटेना थोडा फिरवायचा. इथे डोळ्याला दोन माणसे दिसत नाहीत, पण आलेखात लाट उमटते. हिशेब सोपा आहे. परतणाऱ्या लहरीला १५ मीटर जादा चालावे लागले, तर तीनशे भागिले पंधरा, दर २० मेगाहर्ट्झला एक उंचवटा आणि एक खळगा. आणि आपण शोधतोय तो खळगाही साधारण तेवढ्याच रुंदीचा. साडेसात मीटरवरचा एखादा पत्रा खोटी पहाट दाखवू शकतो.

खोटी किती सहज दिसेल, त्यासाठी दोन आकडे. ७५-८० मेगाहर्ट्झला आपल्या आकाशगंगेचाच आवाज दीड-दोन हजार केल्विन (तापमानाचे शास्त्रीय एकक) असतो. (चॅनेल नसताना पडद्यावर मुंग्या यायच्या ना, त्यातला काही हिस्सा हाच.) अपेक्षित खळगा ०.१ ते ०.२ केल्विनचा. दहा हजारांत एक, किंवा त्याहून कमी. वाचकांना वाटेल की एवढे बारीक मोजायला वर्षानुवर्षे लागत असतील. तसे नाही. एक मेगाहर्ट्झचा पट्टा दहा तास निवांत मोजला तर दोन हजार केल्विनचा खरखराट सरासरीत केल्विनच्या शंभराव्या भागापर्यंत खाली येतो. अडचण वेळेची नाहीच. अँटेना स्वतः काय खोटे बोलतो ते कळण्याची आहे.

म्हणून या कामाचा अँटेना आमच्या गच्चीवरच्या काड्यांच्या अँटेनाच्या अगदी उलटा हवा. तो काड्यांचा अँटेना, म्हणजे यागी, एका चॅनेलसाठी कापलेला असतो, एका दिशेला तोंड करतो आणि बाकीच्यांकडे पाठ फिरवतो. इथे ५५ पासून ११० पर्यंत त्याने सगळीकडे सारखेच बघायला हवे. ६० ला आकाशगंगेचा पट्टा जरा जास्त आणि ९० ला जरा कमी पाहिला, तरी त्या फरकाचा आकार आलेखात उतरतो आणि तो काढून टाकता येत नाही. शिवाय पट्ट्याच्या आत कुठेही अँटेना 'वाजता' कामा नये, म्हणजे एखाद्याच फ्रिक्वेन्सीला जास्त दाद देता कामा नये. ५५ ला पाव लहर १.३६ मीटर होते, ११० ला ६८ सेंटीमीटर. या दोन मापांच्या मधली सरळ काडी उभी केली की ती पट्ट्यात कुठेतरी वाजणारच. मग अँटेना त्याहून आखूड करायचा, काडीऐवजी रुंदावत जाणारा शंकू घ्यायचा, खाली गोल तबक. यात सपाटपणा मिळतो पण जोर जातो. आलेल्या लहरीचा बराच भाग अँटेना आत घेतच नाही, परत फेकतो. आमच्या धंद्यात असा अँटेना दिला असता तर गिऱ्हाइकाने पैसे परत मागितले असते. या मंडळींनी तो तोटा उघड्या डोळ्यांनी पत्करला आहे, आणि किती परत फेकला गेला ते हजारात एकच्या बारकाईने मोजायची तयारी ठेवली आहे. मला यात खरा कारागीर दिसतो.

या बारकाईची किंमत २०१८ साली कळली. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या वैराण भागात 'एजेस' नावाचा अमेरिकी प्रयोग होता: दोन सपाट पत्रे टेबलासारखे उभे, खाली धातूची जाळी अंथरलेली. त्यांना ७८ मेगाहर्ट्झला खळगा सापडला, पण अर्ध्या केल्विनचा, अपेक्षेच्या दुपटीहून जास्त खोल. जगभर खळबळ. कृष्णद्रव्याने (विश्वातल्या न दिसणाऱ्या द्रव्याने) हायड्रोजन थंड केला असेल इथपर्यंत सिद्धांत निघाले. मी मात्र तेव्हा मनात म्हटले, आधी जाळीखाली बघा. तशी शंका तज्ज्ञांनीही पुढे निबंधात मांडलीच, जाळी आणि तिच्याखालची माती मिळून वाजत असेल म्हणून. रामन संस्थेच्या लोकांनी यावर जो उपाय काढला तो इतका देशी आहे की शाळेच्या पुस्तकात घ्यावा. जमीन नकोच म्हणाले. २०२० च्या सुरुवातीला त्यांनी आपला 'सारस-३' अँटेना, तोच शंकू आणि तबक, तराफ्यावर ठेवून कर्नाटकात दंडिगनहळ्ळीच्या तलावात आणि शरावतीच्या बॅकवॉटरमध्ये तरंगत सोडला. पाण्यात थर नसतात, भेगा नसतात, मुरूम नसतो. शिवाय पाण्यात लहर नऊ पट आखूड होते. 'एजेस'ने सांगितलेला खळगा त्यांना दिसला नाही. २०२२ मध्ये 'नेचर ॲस्ट्रॉनॉमी'त त्यांनी तो दावा ९५ टक्क्यांहून जास्त खात्रीने फेटाळला. तेव्हा चोपड्याच्या वाचकांनी तोरणमाळऐवजी हतनूरच्या बॅकवॉटरचे नाव घेतले असते तर ते बरेच जवळ पोहोचले असते.

पण पाण्यावरही वरून एफएम आणि आयनांबर राहतेच. म्हणून चंद्र. पृथ्वीभोवतीच्या कक्षेत भागत नाही, हे अमेरिकेने १९६८ ला सोडलेल्या 'रेडिओ ॲस्ट्रॉनॉमी एक्स्प्लोरर' यानाने दाखवून दिले. वर गेल्यावर तर सगळ्या जगाचा गोंगाट एकदम ऐकू येऊ लागला. मग जून १९७३ ला दुसरे यान थेट चंद्राभोवती पाठवले. त्याच्या अँटेनाची एकेक बाजू २२९ मीटर! पातळ धातूची पट्टी सुताराच्या मोजपट्टीसारखी गुंडाळून नेली, वर गेल्यावर ती उलगडता उलगडता आपोआप नळीसारखी वळली. ऊन एकाच बाजूला पडले की अशी नळी वाकते, म्हणून तिला छिद्रे पाडली होती, म्हणजे ऊन आतून पलीकडच्या भिंतीलाही तापवेल. त्या यानाने १३ मेगाहर्ट्झच्या खालचे ऐकले आणि चंद्राआड गेल्यावर पृथ्वीचा गोंगाट खरोखरच खाली बसतो हे दाखवले. मध्ये ३,४७४ किलोमीटर जाडीचा खडक आला की कोणाचाच एफएम पलीकडे जात नाही. त्यात सूर्यही त्याच वेळी चंद्राआड असला तर उत्तमच. चंद्राजवळून फिरणारे यान साधारण दोन तासांत फेरी घेते, त्यातला एक तुकडा असा निवांत मिळतो, फेरीमागून फेरी.

म्हणजे तिथे जमीन नाही, हवा नाही, एफएम नाही. आता डबल चित्र कुठून येणार? यानातूनच. बातमीत हा भाग अजिबात नव्हता आणि मला तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. यान धातूचे असते आणि त्याचे माप लहरीच्या मापाच्या जवळपास जाते, त्यामुळे अँटेनावर करंट वाहिला की तो तबकाच्या कडेवरून यानाच्या अंगावर उतरतो. मग सोलर पॅनेल, बाहेर आलेली प्रत्येक दांडी, इस्रोशी बोलायची छत्री, सगळे मिळून अँटेना होतात. पॅनेल सूर्याकडे वळले की अँटेनाचा आकार बदलला. एक बाजू उन्हात, दुसरी सावलीत, धातू प्रसरण पावला, पुन्हा बदलला. म्हणून यान आधी आणि अँटेना मागून असे चालत नाही. अँटेनाच्या हिशेबानेच यानाचे अंग ठरवावे लागते: मध्यभागी शंकू, चहूबाजूंनी सारखे, बाहेर लोंबणारे कमीत कमी. आणि घरातला मिक्सरही इथे यानातच बसलेला आहे. बॅटरीचे व्होल्टेज बदलणारे सर्किट, संगणकाचे घड्याळ, प्रत्येक जण याच पट्ट्यात कुजबुजतो. बंगळुरूच्या प्रयोगशाळेत रिसीव्हरचा कारभार सांभाळायला रास्पबेरी पाय जातीचा छोटा संगणक लावून पाहिला आहे. पेट्या कमी, वीज कमी, म्हणजे गोंगाटही कमी.

तबकड्या मोजायच्या बंदिस्त खोलीत एवढ्या लांब लहरीचा अँटेना नीट मोजताच येत नाही, कारण भिंतींनी लहर शोषायला त्यांची जाडीच काही मीटर लागेल. पण अँटेनाच्या विद्येत जुना नियम आहे: माप दहापट लहान करा, फ्रिक्वेन्सी दहापट वाढवा, वागणूक तीच राहते. ५५ ते ११० चे होते ५५० ते ११००, आणि शंकू ओंजळीत मावतो. हे काम जळगाव, धुळे, शिरपूर, शहादा इथल्या कोणत्याही अभियांत्रिकी किंवा पॉलिटेक्निक कॉलेजात होण्यासारखे आहे. नॅनोव्हीएनए नावाचे हातात मावणारे यंत्र काही हजार रुपयांत मिळते, अँटेना किती लहर परत फेकतो ते त्यावर दिसते. माझ्याकडे आहे. पितळी पत्र्याचा शंकू मी भांड्यांच्या कारागिराकडून वळवून घेतला, खाली तबक, त्याखाली डालड्याच्या डब्याचे यान. डब्याला पंखासारखे दोन पत्रे जोडले की पडद्यावरची सरळ रेघ कशी वाकते ते आठवीतल्या पोरालाही दिसते. शेवटच्या वर्षाला 'स्मार्ट डस्टबिन'चे प्रकल्प वर्षानुवर्षे झेरॉक्स होत आहेत. त्यांच्या जागी एखाद्या गटाने यानाच्या अंगाचे पाच आकार करून मोजले तर निदान काहीतरी नवे मोजले जाईल. शंकूचा साचा मी विनामूल्य द्यायला तयार आहे, पत्ता आपल्या कार्यालयाकडे आहेच.

आणि एक विनंती. बातमीसोबत आपण मोठ्या पांढऱ्या तबकडीचे चित्र छापले होते. 'प्रत्युष'वर जो अँटेना जायचा आहे तो शंकू आहे. पुढच्या बातमीला कृपया शंकूचे चित्र टाकावे. लोक दुकानात येऊन मुलाला विचारू लागले आहेत, की चंद्रावरची छत्री कोणत्या कंपनीची बसवणार.

कळावे,
आपला नियमित वाचक,
अँटेनावाला (दुकान आता मुलाकडे), अमळनेर, जि. जळगाव